फॉर्ममधली लाल चांदणी: आवश्यक रकाने ब्राउझरमध्ये कसे तपासायचे

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त मधली मधली पुनरुक्ती काढली आहे.)

आज मी बोर्ली पंचतनहून बोलतोय. श्रीवर्धन तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलेली गाडी दिवेआगरला निघाली की ती बोर्लीवरूनच पुढे जाते. आजूबाजूच्या वाड्यांमधली माणसं बँकेच्या, दवाखान्याच्या, कागदपत्रांच्या कामाला इथे येतात. म्हणजे दोन प्रकारचे फॉर्म या गावात रोज भरले जातात. एक, मुंबई-पुण्याचा पाहुणा मोबाइलवर भरतो तो घरगुती निवासाच्या चौकशीचा. दुसरा, सेवा केंद्रात बसलेला मुलगा समोरच्या आजोबांना विचारत विचारत भरतो तो दाखल्याचा किंवा योजनेचा.

दोन्ही फॉर्ममध्ये काही रकान्यांपुढे लाल चांदणी असते. स्टार म्हणा, चांदणी म्हणा. तिचा अर्थ, हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आजचा विषय हाच आहे. आवश्यक रकाना भरला आहे की नाही, हे ब्राउझरमध्येच जेक्वेरी वापरून कसं तपासायचं? ऐकायला अगदी प्राथमिक वाटतं. पण ही चांदणी लावताना आपण ठरवत असतो की कोणाला दारातून परत पाठवायचं. वाडीवरून एसटीने आलेल्या माणसाचा फॉर्म अडला तर त्याचा दिवस जातो, आणि उद्याचं भाडं वेगळं. म्हणून हे काम जरा नीट बघू.

आधी चांदण्या मोजा

कोड लिहिण्याआधी एक काम करा. फॉर्ममध्ये किती चांदण्या आहेत ते मोजा आणि प्रत्येकीला विचारा, तू इथे का आहेस?

दिवेआगरच्या एका काकूंच्या घरगुती निवासासाठी चौकशीचा फॉर्म करायचा होता. तयार टेम्प्लेटमध्ये बारा रकाने होते. पहिलं नाव, आडनाव, ईमेल, फोन, पत्ता, शहर, राज्य, पिनकोड, येण्याची तारीख, जाण्याची तारीख, माणसं किती, आणि संदेश. बाराही रकान्यांना चांदणी. काकूंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अरे, मला नाव नि फोन दे. कधी येतायत नि किती जण ते कळलं की बास. मासे खाणार की नाही ते मी फोनवर विचारते."

चार रकाने. ईमेल त्या बघतच नाहीत. पत्ता आणि ओळखपत्र पाहुणे आल्यावर वहीत घ्यायचंच असतं. मग चौकशीच्या वेळी पिनकोडवाचून कोणाचं काय अडतं? बारातले आठ रकाने एक तर गेले किंवा ऐच्छिक झाले. तपासणीचा कोडही तेवढाच लहान झाला. जो रकाना आपण मागत नाही, त्याची तपासणी कधी चुकत नाही.

याच्या उलट बाजूचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ११ मार्च २०२४ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाची शासकीय दस्तऐवजांत नोंद करताना आईचं नाव लिहिणं बंधनकारक. क्रम असा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या फॉर्ममध्ये तीन चौकोन होते, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. चौथा चौकोन आला आणि तोही चांदणीसकट. आवश्यक काय, हे फक्त प्रोग्रामर ठरवत नाही, समाजही ठरवतो. आणि त्याच निर्णयात अनाथ बालकांसारख्या अपवादात्मक प्रकरणी सूटही आहे. त्या मुलाच्या फॉर्ममध्ये तुमचा कोड अडून बसला, तर सरकारने दिलेली सूट तुमच्या दोन ओळींनी काढून घेतली असं होईल. या उदाहरणाकडे मी परत येणार आहे.

ब्राउझर स्वतः काय करतो

जेक्वेरीचं नाव काढण्याआधी हे सांगायला हवं, की साधी तपासणी ब्राउझरला स्वतःला येते. रकान्याच्या टॅगमध्ये रिक्वायर्ड हा एक शब्द लिहिला की रकाना रिकामा असताना फॉर्म जात नाही. एचटीएमएल पाचची शिफारस ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृत झाली, त्यात हे आहे. जेक्वेरी त्याच्या आधीची, २००६ ची. जॉन रेसिगने ती केली तेव्हा ब्राउझरला यातलं काही येत नव्हतं, म्हणून रिकामा रकाना शोधायलाही स्क्रिप्ट लिहावी लागायची. यॉर्न झेफररचं प्रसिद्ध व्हॅलिडेशन प्लगइनही त्याच वर्षीचं.

मग आज जेक्वेरी कशाला? एक कारण व्यवहाराचं. वर्डप्रेस आपल्यासोबत जेक्वेरी घेऊनच येतं, आणि छोट्या गावातल्या पुष्कळ साइट वर्डप्रेसवर आहेत. हाताशी आहे ते वापरायचं.

बाकीची कारणं ब्राउझरच्या मर्यादांची आहेत. पहिली मर्यादा, ब्राउझरचा संदेश पानाच्या भाषेत येत नाही, ब्राउझरच्या भाषेत येतो. तुमचं सगळं पान मराठीत आणि फोन इंग्रजीत असेल, तर सूचना इंग्रजीतच येणार. दुसरी, तो एका वेळी एकच चूक दाखवतो, आणि तो फुगा थोड्या वेळाने नाहीसाही होतो. तिसरी मजेची आहे. नावाच्या रकान्यात फक्त एक स्पेस दिली तरी ब्राउझर म्हणतो, भरलं की!

जेक्वेरीने पायरी पायरीने

कोड ऐकवण्यात अर्थ नाही, मी पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी. एचटीएमएलमध्ये रिक्वायर्ड लिहायचंच. ते काढू नका. मग स्क्रिप्ट सुरू झाली की जेक्वेरीनेच फॉर्मला नोव्हॅलिडेट हा गुण लावायचा, म्हणजे ब्राउझरची स्वतःची तपासणी थांबते आणि आपली सुरू होते. नोव्हॅलिडेट थेट एचटीएमएलमध्ये का नाही लिहायचं? कारण आपल्या किनाऱ्यावर रेंज कधी असते, कधी नसते. पान उघडलं पण जेक्वेरीची फाइल आलीच नाही, असं होतं. तेव्हा निदान ब्राउझरची तपासणी तरी जिवंत राहते. संदेश इंग्रजीत येईल, पण रिकामा फॉर्म जाणार नाही.

दुसरी पायरी. फॉर्मच्या सबमिट घटनेवर आपलं फंक्शन बांधायचं. त्यात रिक्वायर्ड असलेले सगळे रकाने गोळा करायचे, आणि ईच वापरून एकेक तपासायचा.

तिसरी पायरी, रिकामा म्हणजे काय ते ठरवणं. मजकुराच्या रकान्यातून व्हॅल घ्या, ट्रिम करा, उरलेली लांबी शून्य आली तर रिकामा. ट्रिमसाठी जावास्क्रिप्टचं स्वतःचं ट्रिम वापरा. जेक्वेरीचं ट्रिम ३.५ आवृत्तीपासून निवृत्तीच्या यादीत आहे. निवडयादीत पहिला पर्याय 'निवडा' असा असेल तर त्याची व्हॅल्यू रिकामी ठेवा, नाहीतर 'निवडा' हीच निवड धरली जाईल. चेकबॉक्सला व्हॅल विचारू नका. खूण नसली तरी तो 'ऑन' असंच उत्तर देतो. त्याला इज चेक्ड असंच विचारायचं. रेडिओ बटणं एकेकटी तपासायची नाहीत. त्याच नावाच्या गटातलं एखादं तरी निवडलं आहे का, ते बघायचं.

चौथी पायरी. काही रिकामं सापडलं तर प्रिव्हेंट डिफॉल्ट म्हणून फॉर्म थांबवायचा. प्रत्येक चुकीच्या रकान्याखाली मराठीत संदेश दाखवायचा आणि फोकस पहिल्या चुकीच्या रकान्यावर न्यायचा. मोबाइलवर लांबलचक फॉर्मच्या तळाशी बटण असतं आणि चूक वर कुठेतरी असते. माणूस बटण दाबत राहतो आणि त्याला कळत नाही काय झालं. फोकस वर नेला की पान आपोआप तिथे सरकतं. सोबत त्या रकान्याला एरिया इनव्हॅलिड लावा आणि संदेश एरिया डिस्क्राइब्डबायने जोडा. मग स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही चूक ऐकू येते. लाल किनार फक्त डोळस माणसासाठी असते.

पाचवी पायरी. माणूस रकाना भरायला लागला की संदेश लगेच पुसायचा. ब्राउझरचाच फुगा ठेवून फक्त मराठी मजकूर द्यायचा असेल, तर सेट कस्टम व्हॅलिडिटी आहे, पण त्यातही हेच लक्षात ठेवा. एकदा संदेश दिला आणि नंतर रिकामा मजकूर देऊन तो पुसला नाही, तर रकाना भरूनही ब्राउझर त्याला चुकीचाच मानतो.

आणि एक सावधगिरी. स्क्रिप्टमधून फॉर्मची मूळ सबमिट पद्धत थेट बोलावली, तर ब्राउझर आपली तपासणी करतच नाही. फॉर्म सरळ निघून जातो.

दिसत नसलेला रकाना

आता ते आईच्या नावाचं उदाहरण घेऊ. फॉर्ममध्ये जन्मतारीख आहे. १ मे २०२४ किंवा नंतरची असेल तर आईचं नाव आवश्यक, आधीची असेल तर नाही. अशा अटीच्या रकान्यासाठी जन्मतारखेच्या चेंज घटनेवर फंक्शन बांधायचं आणि आईच्या नावाच्या रकान्याचा रिक्वायर्ड गुण प्रॉप वापरून चालू-बंद करायचा. डेट प्रकारच्या रकान्याची व्हॅल्यू आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी येते, त्यामुळे दोन तारखा मजकूर म्हणून सरळ ताडून बघता येतात. शेजारी 'अपवादात्मक प्रकरण' असा एक चेकबॉक्स ठेवा. त्यावर खूण असेल तर रिक्वायर्ड बंद. सूट खरोखर लागू आहे का, ते कागद बघून कार्यालय ठरवेल. ते ठरवणं ब्राउझरचं काम नाही.

इथे अनेक जण रकाना हाइड करून टाकतात आणि त्याचा रिक्वायर्ड तसाच राहतो. ब्राउझरची तपासणी चालू असेल तर काय होतं? लपलेला रकाना रिकामा आहे म्हणून ब्राउझर फॉर्म अडवतो, पण त्या रकान्यावर फोकस नेता येत नाही म्हणून फुगाही दाखवत नाही. माणूस बटण दाबतो, काहीच घडत नाही. कन्सोल उघडला तर तिथे तक्रार दिसते, पण सेवा केंद्रात कन्सोल कोण उघडणार? 'साइट बंद आहे, उद्या या' असं सांगितलं जातं. साइट चालूच असते. म्हणून रकाना लपवला की त्याला डिसेबल्डही करा. डिसेबल्ड रकाना तपासलाही जात नाही आणि पाठवलाही जात नाही. परत दाखवताना डिसेबल्ड काढायला विसरू नका.

कमल चालते, शांता चालत नाही

रकाना भरला आहे एवढं तपासून कोणी थांबत नाही. नाव 'बरोबर' आहे का, हेही बघायचा मोह होतो, आणि मराठी नावांची अडवणूक इथूनच सुरू होते.

इंग्रजी ए ते झेड एवढंच चालेल असा नमुना लिहिला तर मराठीत लिहिलेलं कुठलंच नाव चालत नाही. मग कोणीतरी हुशारी करून 'अ ते ह' असा नमुना लिहितं. त्यात कमल बसते. शांता बसत नाही, कारण काना आणि अनुस्वार त्या पट्ट्याच्या बाहेर आहेत. युनिकोडमध्ये अनुस्वार 'अ'च्या आधी येतो आणि काना 'ह'च्या नंतर. युनिकोडच्या अक्षर या गटाचा नमुना वापरला तरीही तीच गत, कारण मात्रा आणि वेलांट्या अक्षरांत मोजल्या जात नाहीत, त्यांचा गट वेगळा. दोन्ही गट घेतले तरी गोऱ्हे किंवा कुऱ्हाडे अडू शकतात. काही कीबोर्ड तो 'ऱ्ह' लिहिताना मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात आणि ते या दोन्ही गटांत नाही. कमीत कमी तीन अक्षरं हवीत असा नियम केला, तर सई अडते.

माझं मत स्पष्ट आहे. नावाला नमुना लावूच नका. ट्रिम करून रिकामं नाही एवढं बघा. आडनावाचा वेगळा रकाना आवश्यक करू नका. एकच नाव लावणारी माणसं देशात भरपूर आहेत, आणि पाहुणे कुठूनही येतात.

फोनचंही तसंच. जावास्क्रिप्टच्या नमुन्यात अंकासाठी जी खूण आहे, तिला फक्त इंग्रजी अंक कळतात. मराठी कीबोर्डवरून ९८ लिहिणाऱ्याला 'चुकीचा नंबर' म्हणून सांगितलं जातं. आधी मराठी अंकांचे इंग्रजी अंक करा, मधल्या स्पेस आणि डॅश काढा, मग मोजा. हे काम दहा ओळींचंही नाही. रकान्याचा प्रकार टेल ठेवा म्हणजे मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड उघडतो. नंबर हा प्रकार मोजायच्या संख्येसाठी असतो. फोन नंबर कोणी मोजत नाही.

आणि दहाच आकडे हवेत असा हट्ट या भागात तर धरूच नका. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या कितीतरी घरांतली माणसं आखातात आहेत. दुबईहून कोणी घरच्यांसाठी फॉर्म भरत असेल तर त्याचा नंबर ९७१ ने सुरू होतो, कुवेतहून ९६५ ने. दहाची अट लावली की गावाचाच माणूस गावाच्या फॉर्मबाहेर राहतो.

नमुना लावायचाच असेल तर जिथे नियम खरोखर ठरलेला आहे तिथे लावा. आयएफएससी कोड घ्या. अकरा चिन्हं, पहिली चार इंग्रजी अक्षरं, पाचवं शून्य, पुढची सहा अक्षरं किंवा आकडे. इथे तपासणी माणसाच्या उपयोगाची आहे, कारण शून्याऐवजी इंग्रजी ओ पडला तर पैसे अडकतात.

बोलायचं कधी आणि कसं

रकान्यात बोट ठेवताक्षणी 'चूक, चूक' म्हणणारे फॉर्म असतात. अजून पहिलं अक्षरही लिहिलेलं नसतं. रिकाम्या रकान्यासाठी सबमिटच्या वेळीच बोला. लिहिलेलं चुकीचं असेल तर रकाना सोडल्यावर, म्हणजे ब्लर घटनेवर बोला.

आणि शब्द घरचे वापरा. 'हे क्षेत्र अनिवार्य आहे' असं लिहिलं तर आजोबांना शेताचं काही विचारलंय असं वाटेल. 'फोन नंबर लिहा, म्हणजे आम्हाला तुम्हाला कळवता येईल' असं लिहा. काय करायचं आणि कशासाठी, दोन्ही आलं. व्हॅलिडेशन प्लगइन वापरत असाल तर त्यातल्या मेसेजेस या पर्यायात प्रत्येक रकान्यासाठी असा वेगळा मजकूर देता येतो.

बेडं आणि कुलूप

शेवटचा मुद्दा. ब्राउझरमधली तपासणी म्हणजे आगराचं बेडं. गुरं आत शिरू नयेत, येणाऱ्याला वाट कुठून आहे ते कळावं, एवढंच तिचं काम. चोर बेडं ढकलून येतो. त्याच्यासाठी घराला कुलूप लागतं आणि ते सर्व्हरवर असतं. जावास्क्रिप्ट बंद करून किंवा ब्राउझरशिवायच कोणीही फॉर्मची माहिती पाठवू शकतो. म्हणून जे नियम जेक्वेरीत लिहिले, ते सगळे सर्व्हरवर परत लिहायचे. तेच नियम, तेच शब्द. ब्राउझर कुवेतचा नंबर घेतो आणि सर्व्हर तो परत पाठवतो, असं व्हायला नको.

सर्व्हरचं उत्तर आलंच नाही तर काय, तेही ठरवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, वीज आणि मोबाइलची रेंज कित्येक दिवस नव्हती. मदतीसाठी नाव, खातं, कागद हे सगळं नेमकं त्याच दिवसांत लागत होतं. फॉर्मची खरी गरज पडते तेव्हा नेटवर्क चांगलं असेलच असं धरून चालू नका. म्हणून एजॅक्सने पाठवत असाल तर टाइमआउट द्या. पाठवणं फसलं तर भरलेला एकही रकाना पुसू नका, बटण परत चालू करा आणि मराठीत सांगा, 'माहिती पोचली नाही. तुम्ही लिहिलेलं इथेच आहे. रेंज आली की परत पाठवा.'

आता गृहपाठ. तुम्ही केलेला कुठलाही एक फॉर्म उघडा. एकदा पूर्ण रिकामा पाठवून बघा. एकदा नावात फक्त स्पेस देऊन. एकदा शांता, एकदा सई आणि एकदा गोऱ्हे लिहून. फोन मराठी अंकांत लिहा, मग दुबईचा लिहा. शेवटी मोबाइल डेटा बंद करा आणि बटण दाबा. जिथे फॉर्म उगाच अडेल किंवा गप्प बसेल, ती जागा टिपून ठेवा आणि मला लिहून कळवा. सगळी मिळून अर्ध्या तासाची गोष्ट आहे.

पुढच्या भागात याच फॉर्ममधली तारीख घेऊ. दिवस आधी की महिना आधी, या एका प्रश्नावरून पाहुणे भलत्याच दिवशी दारात उभे राहतात, त्याबद्दल बोलू. तोवर नमस्कार.